कॉमिक काढणाऱ्याची रोजची वही: खान्देशात राहून सुरुवात करणाऱ्यांसाठी

नव्याने सुरुवात केलेल्यांची स्केचबुकं उघडली की बहुतेक वेळा चेहरेच दिसतात. डावीकडे पाहणारे, थोडे वळलेले, केस नीट रेखलेले, मानेखाली काहीच नाही. उजव्या हाताने काढणाऱ्याला डावीकडे बघणारा चेहरा सोपा जातो, म्हणून हात तिकडेच धावतो. कॉमिकच्या पानावर मात्र तोच माणूस पहिल्या चौकटीत बाकावर बसलेला, दुसरीत उठताना आणि तिसरीत पाठमोरा पळताना काढावा लागतो, आणि तिन्ही ठिकाणी तो एकच आहे हे वाचकाला न सांगता कळावं लागतं. म्हणून कॉमिक शिकणाऱ्याने वही चेहऱ्यांनी भरण्यापेक्षा हालचालींनी भरावी: माणूस उठतो कसा, ओझं पेलतो कसं, आणि त्या क्षणाच्या आधी व नंतर काय घडतं.

आपल्याकडची बरीच मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन आलेली असतात. त्यातला स्मरणचित्राचा पेपर कॉमिकसाठी सगळ्यात मोलाचा, पण तयारी करताना आठ-दहा आकृत्या पाठ केल्या जातात आणि बाजार असो की बसस्टँड, त्याच आकृत्या सगळीकडे बसवल्या जातात. ही पाठ झालेली माणसं हातातून काढून टाकायला साधारण सहा महिने रोज बघून काढावं लागतं. दुसरा कुठला जवळचा रस्ता आम्हाला माहीत नाही.

वही आणि हत्यारं

ए-५ आकाराची वही घ्या. खिशात किंवा पिशवीत मावते आणि कुणाच्या डोळ्यावर येत नाही. कोरड्या कामाला १०० ते १२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) कागद पुरतो. ब्रशने शाई लावायची असेल तर किमान १५० जीएसएम, नाहीतर कागद लाटेसारखा वळतो आणि शाई मागे उतरते. महागडी बांधीव वही सुरुवातीला घेऊच नका. तिचं पहिलं पान खराब होईल या भीतीने ती कोरीच राहते. जळगाव, धुळे किंवा अगदी तालुक्याच्या प्रेसमध्येही मॅपलिथो कागद ए-५ कापून मिळतो. त्याचे शंभर कागद घेऊन स्पायरल बाइंडिंग करून आणा. अशा वहीत हात मोकळा चालतो.

सोबत एक २बी पेन्सिल, एक साधं बॉलपेन आणि एक ०.५चं वॉटरप्रूफ ड्रॉइंग पेन. पहिले तीन महिने खोडरबर घरी ठेवा. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि बरोबर रेघ तिच्या शेजारी काढावी; दोन्ही समोर असल्या की चूक किती आणि कुठल्या बाजूची ते दिसतं. खोडलं की तो पुरावाच जातो. बॉलपेनला कमी लेखू नका. हलक्या हाताने ते पेन्सिलसारखं पुसट चालतं, दाबलं की गडद होतं, आणि खोडायचा मोहच राहत नाही.

एक इशारा. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक साध्या फाउंटन पेनात भरू नका. त्यातली लाख किंवा तसला बांधणारा पदार्थ आत वाळतो आणि पेन कायमचं तुंबतं. ती शाई बुडवायच्या निबेसाठी आणि ब्रशसाठी आहे. ब्रशही काम संपल्याबरोबर धुवा, कारण टोकाच्या मुळाशी शाई सुकली की टोक पुन्हा जुळत नाही.

चाळीस मिनिटं

रोज चाळीस मिनिटं पुरेत. पहिली पाच मिनिटं नुसत्या रेघा: खांद्यातून हात हलवत लांब सरळ, मग कमानी, मग लंबगोल. पुढची वीस मिनिटं समोरची माणसं. इथे वेळ ठरवून काढायचं: दहा आकृत्या प्रत्येकी अर्ध्या मिनिटाच्या, पाच एका मिनिटाच्या, उरलेल्या दहा मिनिटांत दोन. अर्ध्या मिनिटात डोळे-नाक काढता येत नाहीत, आणि तेच हवं आहे. डोक्याचा कल, पाठीच्या कण्याची रेघ, कमरेचा तिरकेपणा, वजन कोणत्या पायावर, एवढंच टिपा.

वजनाचं एक गणित आधी घोटून घ्यावं. माणूस एका पायावर भार टाकून उभा असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्याच पायाच्या घोट्याजवळ पडतो. त्या बाजूचा कमरेचा भाग वर उचलला जातो आणि खांदा खाली येतो. नवख्याची आकृती पडेलशी वाटते ती बहुतेक या एकाच कारणाने.

शेवटची पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. वही उलटी ठेवा, किंवा घरी येऊन नवं पान घ्या. आत्ता पाहिलेल्या एका माणसाची एक कृती तीन छोट्या चौकटींत आठवणीने काढा. चौकट पाच-सहा सेंटिमीटरची असावी, मोठी नको, म्हणजे बारकाव्यात अडकायला जागाच राहत नाही. जे आठवणार नाही तिथे फुली मारा. ‘पिशवीची पकड आठवत नाही’ असं शेजारी लिहा. दुसऱ्या दिवशी नेमकी पकडच बघायची. वहीचा खरा फायदा इथे आहे: उद्या काय बघायचं ते आज कळतं.

प्रत्येक पानावर तारीख, जागा आणि किती मिनिटांचं चित्र ते लिहा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काढून तो भरू नका. उसना दिवस फेडायला बसलं की तिसऱ्या दिवशी वहीचाच कंटाळा येतो. चुकलेली तारीख सोडून द्या आणि पुढचं पान उघडा.

बघायला जायचं कुठे

खान्देशात राहणाऱ्याला या बाबतीत काही कमी नाही. भुसावळ जंक्शनवर गाड्या काही मिनिटं थांबतात, तेवढीच मुदत आपोआप मिळते. खिडकीतून हात काढून बाटली भरून मागणारा, दारात लटकलेला, बोजा डोक्यावर घेऊन डबा शोधणारा. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, म्हणजे चाळीस मिनिटांचं काम आरामात होतं.

रावेर, यावल, सावदा भागात केळीचे घड भरले जातात तिथे वजन शिकायला मिळतं. वीसेक किलोचा घड उजव्या खांद्यावर असला की माणसाचं धड डावीकडे झुकतं, मान डावीकडे जाते, मोकळा डावा हात बाहेर येतो, पावलं आखूड पडतात. घड न काढता नुसता माणूस काढून पाहा. त्याच्या अंगावरून खांद्यावर ओझं आहे हे कळलं तर चित्र जमलं. घड रेखाटल्यावरही तो माणूस सरळ ताठ उभा दिसत असेल तर ते ओझं वाचकाला कागदाचं वाटेल.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. घोडा न जमणं ही बहुतेकांची अडचण, आणि तिचं मूळ पायांच्या सांध्यांत आहे. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो ‘गुडघा’ आपण म्हणतो ते त्याचं मनगट असतं, आणि मागच्या पायात मागे टोक आलेला सांधा म्हणजे त्याची टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. एवढं समजलं की पाय उलटे वाकवणं थांबतं. दुसरी जुनी चूक भरधाव घोड्याची: पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून तो हवेत दाखवतात. १८७८ साली छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवून दिलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. बाजारात दुडकी चाल भरपूर बघायला मिळते. तिच्यात पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकत्र उचलला जातो, मग उलट जोडी. घोडेवाल्याला आधी विचारून, घोड्याच्या मागे नव्हे तर बाजूला उभं राहा.

घरातही एक फार सुंदर मालिका मिळते: आखाजीला खापरावर मांडे करणारी बाई. गोळा तळव्यावर, मग दोन्ही हातांवर फिरत मोठा होणारा मांडा, मग कोपरापर्यंत आलेला, आणि शेवटी पालथ्या खापरावर अलगद सोडलेला. चार चौकटी तयारच आहेत. प्रत्येक चौकटीत कोपराचा कोन आणि कणकेचा झोळ वेगळा. हे काही सेकंदांत घडतं, त्यामुळे एका फेरीत एकच टप्पा पकडा. चौथ्या-पाचव्या मांड्यापर्यंत मालिका पूर्ण होते. हिवाळ्यातलं भरीतही तसंच: काड्यांच्या जाळावर भाजलेलं वांगं, साल काढणारी पोळती बोटं, लाकडी बडगीत ठेचणं.

अनोळखी माणसाला काढताना टक लावून बघू नका. बायका-मुली असतील तर विचारूनच काढा. कुणी वहीत डोकावलं तर वही मिटू नका, दाखवा. लपवली की संशय येतो. दाखवली की बहुतेक जण स्वतःहून नीट बसतात, आणि मग मात्र त्यांची सहज बैठक गेलेली असते हेही खरं.

उन्हाचा उपयोग

एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराच्या पुढे रस्ते ओस पडतात, माणसं मिळत नाहीत. सकाळी सहा ते आठ बाहेरचं काम उरकावं. पण हेच ऊन काळ्या-पांढऱ्या कॉमिकचा उत्तम गुरू आहे. डोळे किलकिले करून बाजारातली पालं बघा: मधल्या छटा नाहीशा होतात, उरतं फक्त काळं आणि पांढरं. कागदावरही दोनच भाग करायचे, राखाडी छायेला बंदी. शाळेतून आलेली बोटाने पेन्सिल घासायची सवय इथेच सुटते. सकाळच्या आठच्या लांब सावल्या आणि दुपारच्या पायाखाली गोळा झालेल्या सावल्या एकाच जागेच्या काढून शेजारी ठेवा. पुढे गोष्टीतली वेळ शब्दांशिवाय सांगता येते.

घरात अडकलेल्या दुपारी टेबलावर तांब्या, काडेपेटी, दोन खडे मांडा आणि एका बॅटरीचा उजेड बाजू बदलून टाका. चाळीसगावचे केकी मूस घरातल्या टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, उजेड बेतून बाहेरच्या दृश्यांचा भास देणारी छायाचित्रं घेत. उजेड बेतायचा तोच विचार कॉमिकची चौकट रचताना लागतो.

घामाने तळहाताखालचा कागद तेलकट होतो आणि तिथे शाई धरत नाही, म्हणून हाताखाली एक सुटा कागद ठेवा. पंख्याखाली निबेवरची शाई पटकन सुकते. दर काही रेघांनी निब पाण्यात बुडवून पुसा. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि रेघेच्या कडा फुटतात. वही झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी.

अजिंठ्याची भिंत

जळगावहून अजिंठा साधारण ६० किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात. १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची एक गोष्ट, बघा: एकच राजपुत्र एका भिंतीवर अनेकदा येतो, मध्ये चौकटींच्या रेघा नाहीत, आणि तरी प्रसंग वेगळे वाचता येतात, कारण खांब, दारं आणि माणसांच्या वळलेल्या माना नजर पुढे नेतात. उजेड मंद असतो, म्हणून आत फक्त पेन्सिल. पूर्ण चित्र उतरवू नका. नुसते हात काढा, एका भेटीत वीस. हात खिशात किंवा पाठीमागे लपवायची नवख्यांची सवय मोडायला यासारखं ठिकाण नाही.

अक्षरं आणि छपाई

वहीत ऐकलेली वाक्यंही लिहा, जशी बोलली तशी. ‘काय करी ऱ्हायना भाऊ?’ हे अहिराणी वाक्य प्रमाण मराठीत बदललं की माणूसच बदलतो. आधी मजकूर लिहा, मग त्याभोवती संवादाचा फुगा. उलट केलं की शेवटचे शब्द कडेला चिरडतात. देवनागरीला वरच्या आणि खालच्या मात्रांसाठी जागा लागते, म्हणून इंग्रजी कॉमिकच्या ओळींचं माप इथे चालत नाही. शिरोरेषेपासून तळापर्यंत ४ मिलिमीटर, वर २, खाली २, आणि ओळींमध्ये १, अशा ९ मिलिमीटरच्या ओळी आखा. एका फुग्यात वीसच्या वर शब्द नकोत. ‘ऱ्ह’ काही फॉन्टमध्ये तुटतो. हाताने काढलेला कधीच तुटत नाही.

हे माप छापील आकाराच्या दीडपट मूळ पानासाठी आहे. छापील पान ए-५, म्हणजे १४८ गुणिले २१० मिलिमीटर असेल तर मूळ २२२ गुणिले ३१५, ते ए-३ कागदावर आरामात बसतं. लहान करताना रेघही दोन-तृतीयांश होते, म्हणून ०.१च्या पेनने काढलेलं बारीक काम छपाईत गळतं. मुख्य रेघेला ०.५च्या खाली जाऊ नका. काळी रेघ ६०० डीपीआयला स्कॅन करा.

महिन्याच्या शेवटी वहीतली पानं पुढून मागे चाळा आणि जे एकदाही आलेलं नाही त्याची यादी करा: पाठमोरी माणसं, वरून दिसणारा रस्ता, म्हातारी, पाय. मग महिन्यातल्या पाहिलेल्या गोष्टींपैकी एक घेऊन सहा चौकटींचं एक पान पूर्ण करा, अक्षरांसकट आणि शाईसकट. पुढच्या महिन्याच्या वहीच्या पहिल्या पानावर ती यादी चिकटवा.