मॉर्मन श्रद्धा जपत जुन्या नेत्यांच्या लैंगिकतेविषयीच्या शिकवणीशी असहमत कसे राहावे

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे सर्वसामान्य बोलण्यातले मॉर्मन चर्च, यात जन्मलेल्या किंवा पुढे मिशनऱ्यांमुळे अथवा लग्नामुळे आलेल्या अनेकांची अडचण एकाच स्वरूपाची असते. रविवारचा सॅक्रमेंट (पाव-पाण्याचा विधी), बुक ऑफ मॉर्मन या धर्मग्रंथाचे वाचन, घर हलवताना न बोलावता हजर होणारी वॉर्डातली (म्हणजे स्थानिक मंडळीतली) माणसे आणि कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहते हा विश्वास, हे सारे त्यांना मनापासून हवे असते. परंतु पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या प्रेषिताने (चर्चच्या बारा वरिष्ठ नेत्यांच्या मंडळातील सदस्याने) हस्तमैथुन, समलैंगिकता किंवा बलात्कार यांविषयी जे सांगितले ते त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही. पुढील मार्गदर्शन अशा सदस्यासाठी आहे. चर्च सोडावे की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो येथे घेतलेला नाही.

सुरुवात वाचनापासून करावी. आपला मतभेद नेमका कोणत्या वाक्याशी आहे, ते वाक्य कोणी, कोणत्या वर्षी, कोणत्या पदावरून आणि कोणासमोर उच्चारले, हे कागदावर लिहून काढावे. ‘चर्च असे शिकवते’ या मोघम तक्रारीत बहुधा चार-पाच निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय बिशपशी (वॉर्डाच्या प्रमुखाशी), जोडीदाराशी किंवा स्वतःशीही नीट बोलता येत नाही. उदाहरणार्थ, स्पेन्सर किंबॉल यांचे ‘द मिरॅकल ऑफ फर्गिव्हनेस’ हे पुस्तक 1969 मध्ये प्रसिद्ध झाले, त्या वेळी ते प्रेषित होते. चर्चचे अध्यक्ष ते 1973 च्या अखेरीस झाले. त्या पुस्तकात हस्तमैथुनातून समलैंगिकतेकडे वाट जाते असे म्हटले आहे, आणि प्रतिकार न करता शील गमावून जगण्यापेक्षा त्याच्या रक्षणात मरण आलेले बरे, अशा आशयाचे विधानही आहे. कित्येक बिशपांनी पश्चात्ताप करू इच्छिणाऱ्यांच्या हाती हे पुस्तक ठेवले, त्यामुळे त्याचा प्रभाव एखाद्या अधिकृत ग्रंथासारखा पडला. तरीही ते धर्मशास्त्र म्हणून कधीच स्वीकारले गेले नव्हते, आणि आता त्याची छपाई थांबलेली आहे. किंबॉल यांच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात तर, आपण अधिक सौम्य सूर लावायला हवा होता असे त्यांना पुढे वाटू लागल्याची नोंद आहे. ही नोंद पुस्तकाइतकी प्रसिद्ध नाही, हे दुर्दैव.

प्रेषित बॉइड पॅकर यांची दोन भाषणे याच रीतीने तपासावीत. ऑक्टोबर 1976 च्या जनरल कॉन्फरन्समध्ये (चर्चच्या सहामाही अधिवेशनात) तरुण मुलग्यांसमोर त्यांनी केलेले भाषण पुढे पुस्तिकेच्या रूपाने वर्षानुवर्षे वाटले जात होते. त्यात समलैंगिकतेविषयी सावध करताना सहकारी मिशनऱ्याला ठोसा लगावून खाली पाडणाऱ्या एका मिशनऱ्याची हकिकत ज्या मोकळेपणाने सांगितली आहे, ती आज कोणत्याही वॉर्डात वाचून दाखवणे अवघड जाईल. 2016 च्या सुमारास त्या पुस्तिकेचे वितरण बंद झाले. ऑक्टोबर 2010 च्या भाषणात, अशा प्रवृत्ती (रोख समलिंगी आकर्षणाकडे होता) जन्मजात असू शकत नाहीत, स्वर्गीय पिता कोणाच्या बाबतीत असे का करील, असा प्रश्न त्यांनी व्यासपीठावरून विचारला; छापील आवृत्तीत ‘प्रवृत्ती’च्या जागी ‘मोह’ आला आणि तो प्रश्न गाळण्यात आला. व्यासपीठावरचा प्रत्येक शब्द अंतिम असतो असे ज्याला वाटते, त्याने या दोन आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात.

यादी तयार झाल्यावर तिचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात चर्चने स्वतःच उघडपणे अथवा गुपचूप मागे टाकलेल्या गोष्टी येतात. एप्रिल 1969 च्या पत्रात फर्स्ट प्रेसिडेन्सीने (अध्यक्ष व त्यांचे सल्लागार यांच्या सर्वोच्च मंडळाने) कृत्रिम संततिनियमन चर्चच्या शिकवणीविरुद्ध असल्याचे सांगितले होते. आजच्या जनरल हँडबुकनुसार (चर्चच्या अधिकृत नियमपुस्तिकेनुसार) मुले किती आणि केव्हा व्हावीत हा पतिपत्नींचा अत्यंत खाजगी निर्णय आहे. जानेवारी 1982 च्या पत्राने विवाहित जोडप्यांमधील मुखमैथुनही अपवित्र ठरवले होते, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दुसरे पत्र येऊन जोडप्यांच्या खाजगी बाबी खोदून विचारू नयेत असे बिशपांना बजावण्यात आले. दुसऱ्या पत्राने पहिल्यातले मत रद्द केले नाही, हे प्रामाणिकपणे लक्षात ठेवावे. परंतु आज टेंपल रेकमेंडच्या (मंदिरप्रवेशाच्या परवान्याच्या) मुलाखतीच्या ठरावीक प्रश्नांमध्ये या विषयाला जागा नाही आणि मुलाखत घेणाऱ्याने स्वतःच्या अटी जोडू नयेत अशी स्पष्ट सूचना आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेली व्यक्ती पापाची दोषी नाही, असेही हँडबुक सांगते. या भागातील मुद्द्यांवर असहमत असणे म्हणजे आजच्या चर्चशीच सहमत असणे होय, त्यामुळे त्यांबद्दल अपराधी वाटण्याचे काही कारण उरत नाही.

दुसरा भाग धोरणांचा. समलिंगी विवाह केलेल्या सदस्यांना धर्मत्यागी ठरवणारे आणि त्यांच्या मुलांना 18 वर्षांपर्यंत बाप्तिस्मा नाकारणारे धोरण नोव्हेंबर 2015 मध्ये आले. तेव्हा प्रेषित असलेले रसेल नेल्सन यांनी जानेवारी 2016 मध्ये त्याचे वर्णन ईश्वरी प्रकटीकरण असे केले. 4 एप्रिल 2019 रोजी, नेल्सन स्वतः अध्यक्ष असतानाच, ते मागे घेण्यात आले. त्या साडेतीन वर्षांत ज्यांनी मनात किंवा घरात या धोरणाला विरोध केला आणि तरीही रविवारी बाकावर बसणे सोडले नाही, त्यांची श्रद्धा कमी प्रतीची होती असे म्हणणे मला तरी शक्य वाटत नाही. हँडबुक 2020 पासून सर्वांना वाचण्यासाठी खुले आहे; पूर्वी त्याचा महत्त्वाचा खंड केवळ नेत्यांच्या हाती असे. तेव्हा आजचे धोरण काय आहे हे ऐकीव माहितीवर न ठरवता त्यातच पाहावे.

तिसरा भाग सर्वांत कठीण, आणि तो झाकून ठेवून कोणाचेही भले होत नाही. लैंगिक संबंध केवळ कायदेशीर विवाहबंधनातील स्त्री आणि पुरुष यांच्यातच असावेत, ही चर्चची आजची शिकवण आहे. हीच भूमिका मांडणारी कुटुंबाविषयीची घोषणा तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी 23 सप्टेंबर 1995 रोजी वाचली आणि ती फर्स्ट प्रेसिडेन्सी व बारा प्रेषित अशा पंधराही जणांच्या नावाने निघाली. समलिंगी आकर्षण हे स्वतःहून पाप नाही, असे चर्च आता म्हणते. त्यानुसार वागणे मात्र पाप मानते. त्यामुळे भिन्नलिंगी, विवाहित सदस्याला जुन्या पुस्तकांपासून अंतर राखून निभावून नेता येते, तर समलिंगी सदस्यासमोरचा अडथळा 1969 चा नसून आजचा असतो. अशा सदस्याला ‘ते जुने झाले’ असे सांगून समजूत घालणे ही फसवणूक आहे. त्याला वॉर्डाच्या आधाराबरोबरच, आकर्षण बदलण्याचे आश्वासन न देणाऱ्या परवानाधारक समुपदेशकाची गरज भासू शकते. अल्पवयीनांवर असे ‘बदलाचे उपचार’ करण्यास युटा राज्याच्या नियमाने 2020 पासून मनाई आहे, आणि आधी हरकत घेतलेल्या चर्चने अंतिम मसुद्याला विरोध केला नाही, हे पालकांना सांगण्यासारखे आहे.

आता श्रद्धेचा आधार कोठे शोधावा? तो बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही. बुक ऑफ मॉर्मनच्या शीर्षकपानावरच, यात दोष असतील तर ते माणसांच्या चुका आहेत, असे नमूद आहे. डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स या चर्चच्या दुसऱ्या धर्मग्रंथाच्या पहिल्या अध्यायात, या आज्ञा सेवकांना त्यांच्या दुर्बलतेत आणि त्यांच्या भाषेच्या रीतीने दिल्या, त्यांनी चूक केली असेल तर ती कळून यावी, असे म्हटले आहे. संदेष्टा हा त्या नात्याने वागत असतानाच संदेष्टा असतो, हे चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी 1843 मध्ये सांगितले. लोक नेत्यांवर इतका भरवसा ठेवतील की ते ईश्वराला स्वतः विचारायचे सोडून देतील, ही आपली भीती दुसरे अध्यक्ष ब्रिगम यंग यांनी बोलून दाखवली होती, आणि ते काही मवाळ अध्यक्ष म्हणून ओळखले जात नाहीत. अलीकडच्या काळात प्रेषित टॉड क्रिस्टोफरसन यांनी एप्रिल 2012 मध्ये, नेत्याने केलेले प्रत्येक विधान सिद्धांत ठरत नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा फर्स्ट प्रेसिडेन्सीत असलेले डीटर उक्टडॉर्फ यांनी ऑक्टोबर 2013 मध्ये, सदस्यांच्या व नेत्यांच्या हातून चुका झाल्या आहेत, हे जनरल कॉन्फरन्समध्ये मान्य केले.

याची प्रत्यक्ष कसोटी 1978 साली लागली होती. त्या वर्षी जूनमध्ये कृष्णवर्णीय सदस्यांवरची पुरोहितपदाची आणि मंदिराची बंदी उठली, आणि ऑगस्टमध्ये प्रेषित ब्रूस मकॉन्की यांनी, आपण स्वतः आणि ब्रिगम यंग यांच्यासह इतरांनी नव्या प्रकटीकरणाविरुद्ध जे काही म्हटले ते विसरून जा, आम्ही मर्यादित समजुतीने बोललो, असे सांगितले. बंदीचे समर्थन करणारे जुने सिद्धांत 2013 मधील अधिकृत निबंधाने नाकारले. अर्थात, या उदाहरणावरून लैंगिकतेविषयीची शिकवणही बदलेलच असे भाकीत करू नये. शिवाय तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांचे 1890 मधील, अध्यक्षाला प्रभू लोकांची दिशाभूल करू देणार नाही, हे आश्वासन वॉर्डातील कोणीतरी पुढे ठेवणारच. त्यावर वाद जिंकण्याचा प्रयत्न करू नये; ते आश्वासन प्रत्येक पुस्तकातील प्रत्येक परिच्छेदाला लागू होते का, एवढा प्रश्न शांतपणे विचारावा आणि विषय तेथे सोडावा.

क्षमायाचनेची वाट पाहण्यात वर्षे घालवू नयेत. क्षमा मागणे किंवा मागायला लावणे ही चर्चच्या इतिहासातील रीत नाही, असे तेव्हा प्रेषित असलेले डॅलिन ओक्स यांनी 2015 मध्ये म्हटले होते. या संस्थेत बदल बहुधा एखादी पुस्तिका पुन्हा न छापण्यातून, हँडबुकातील वाक्य बदलण्यातून होतो. ज्याला जखम झाली आहे त्याला हे अपुरे वाटणे स्वाभाविक आहे, आणि मलाही ते अपुरेच वाटते. परंतु आपली मनःशांती दुसऱ्याच्या निवेदनावर अवलंबून ठेवली, तर ती कायमची लांबणीवर पडते.

टेंपल रेकमेंडच्या मुलाखतीत खोटे बोलू नये, आणि न विचारलेले सांगूही नये. 2019 मधील सुधारित प्रश्नांत अध्यक्षांना व प्रेषितांना पाठिंबा देता का, शीलाचा नियम पाळता का, आणि चर्चच्या शिकवणीविरुद्धच्या शिकवणी, प्रथा किंवा सिद्धांत यांना पाठिंबा अथवा प्रोत्साहन देता का, असे विचारले जाते. नेत्यांना पाठिंबा देणे म्हणजे त्यांच्या पूर्वसुरींचे प्रत्येक मत मान्य करणे नव्हे, हा अर्थ पुष्कळ बिशपांनाही मान्य असतो. पहिल्या भागातील मुद्द्यांमुळे या प्रश्नांची उत्तरे अडत नाहीत. तिसऱ्या भागाविषयी गंभीर असहमती असेल, तर मुलाखतीच्या आधी वेगळी वेळ मागून बिशपला आपल्या शब्दांत सांगणे अधिक सरळ ठरते. मात्र बिशप हा प्रशिक्षित पाद्री नसून नोकरी-व्यवसाय सांभाळून सेवा करणारा शेजारी असतो, आणि एका बिशपला जे चालते ते पुढच्याला चालेलच असे नाही, याची जाणीव ठेवावी.

खाजगी मत आणि जाहीर मोहीम यांतील सीमाही ओळखावी. समलिंगी विवाहाला पाठिंबा असल्याचे सदस्याने समाजमाध्यमांवर लिहिले म्हणून अडचण येत नाही, चर्चवर व नेत्यांवर हल्ला केल्यास येते, असा खुलासा क्रिस्टोफरसन यांनी 2015 मध्ये केला होता. दुसरीकडे, मुलांना बंद दाराआड एकट्याने लैंगिक प्रश्न विचारण्याविरुद्ध मोहीम चालवणारे माजी बिशप सॅम यंग यांना सप्टेंबर 2018 मध्ये चर्चमधून काढण्यात आले. चर्चच्या ब्रिगम यंग विद्यापीठात शिकणाऱ्या किंवा चर्चच्या नोकरीत असलेल्या व्यक्तीचे शिक्षण अथवा वेतन धर्मनेत्याच्या अनुमोदनावर अवलंबून असते, म्हणून तिने कोणासमोर काय बोलावे याचा विचार इतरांपेक्षा अधिक सावधपणे करावा.

घरातील ज्येष्ठांशी बोलताना, त्यांनी याच शिकवणीच्या धाकात आपले तारुण्य काढले आहे, हे विसरू नये. आजीला किंबॉल यांचे पुस्तक चुकीचे आहे असे सांगणे म्हणजे तिने सोसलेले सारे व्यर्थ होते असे सांगण्यासारखे तिला वाटू शकते. तिने ते पुस्तक कोणत्या प्रसंगी वाचले, कोणी दिले, तेव्हा तिला काय वाटले, हे विचारावे. अनेकदा मतभेद दोन्ही बाजूंना आधीपासूनच असल्याचे यातून उघड होते.

मुलांच्या बाबतीत मात्र भिडस्तपणा कामाचा नाही. 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीतून अपहरण झालेल्या एलिझाबेथ स्मार्ट यांनी 2013 मध्ये सांगितले की, शीलाविषयीच्या धड्यात शिक्षिकेने लैंगिक संबंधाची तुलना चघळलेल्या च्युइंगमशी केली होती, आणि बलात्कारानंतर आपली किंमत तेवढीच उरली असे त्यांना वाटले. असा धडा आजही एखाद्या भाबड्या शिक्षिकेच्या जुन्या वहीत असू शकतो. म्हणून मुलांना रविवारी काय शिकवले ते त्याच दिवशी विचारावे, आणि आक्षेपार्ह काही आढळल्यास शिक्षिकेशी प्रथम एकांतात बोलावे. तरुणांसाठीच्या मार्गदर्शिकेची 2022 ची आवृत्ती सोबत न्यावी, कारण तिच्यात बारीकसारीक नियमांच्या यादीऐवजी तत्त्वे दिलेली आहेत आणि संभाषण चर्चच्याच साहित्यावर उभे राहते. 2018 पासून मुलामुलींना बिशपच्या मुलाखतीला पालक किंवा अन्य प्रौढ व्यक्ती सोबत नेता येते. हा हक्क त्यांना मुलाखतीच्या आदल्या दिवशी सांगण्यापेक्षा बाराव्या वर्षाच्या आधीच सांगून ठेवावा, आणि कोणता प्रश्न ठरावीक यादीतला आहे व कोणत्या प्रश्नाला ‘हे मला घरी बोलायचे आहे’ एवढेच उत्तर पुरेसे आहे, हे त्यांच्याबरोबर बसून वाचून घ्यावे.