स्तनातली गाठ: सोनोग्राफीत आधी वाईट खूण शोधा

नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये शिकायला येणाऱ्या पोरापोरींना मी एवढंच बजावते, गाठ साधी आहे हे सिद्ध करायला बसू नका, आधी वाईट खूण शोधा. एक जरी सापडली तरी 'साधी' हा शब्द रिपोर्टमध्ये येत नाही. १९९५ साली रेडिऑलॉजिस्ट स्टाव्रोस यांनी घालून दिलेला क्रम हाच.

बाईला जराशी कुशीवर वळवा, हात डोक्याखाली. स्तन छातीवर सपाट पसरला पाहिजे. प्रोब लिनिअर, १२ मेगाहर्ट्‌झ किंवा वरचा. डेप्थ स्तनामागच्या पेक्टोरल स्नायूपर्यंत पुरे, फुप्फुस बघायचं नाहीये. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, कमी असला तर घन गाठही सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी वाटते.

काही दिसलं की प्रोब ९० अंशांत फिरवा. चरबीचा लोब्यूल (गोळा) लांबत जाऊन शेजारच्या चरबीत मिसळतो, खरी गाठ दोन्हीकडून गाठच राहते.

मग कड. इथे घाई नको. झूम करून पूर्ण फेरी मारा. सगळीकडे गुळगुळीत आणि एकाच जागी टोकदार कोपरा असेल, तर त्या कोपऱ्यावरच विश्वास ठेवा. काटे, बारीक दातेरी कड, रुंदीपेक्षा जास्त उंची, हेही तसंच. फायब्रोअ‍ॅडिनोमा (कॅन्सर नसलेली घन गाठ) बहुधा आडवा, लंबगोल, भोवती पातळ पांढरी कॅप्सूल.

शॅडो, म्हणजे गाठीमागे पडणारी काळी सावली, फार फसवते. गाठीच्या दोन बाजूंना पडणाऱ्या बारीक रेषा गोल कडेमुळे येतात, सोडून द्या. मधोमध मागे अंधार असेल तर प्रोब दाबून, तिरका करून बघा. कूपर लिगामेंटची, म्हणजे स्तनाला आधार देणाऱ्या तंतूंची शॅडो निघून जाते, कॅन्सरची सहसा राहते. मागे उजेड आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका, ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर (ज्यात दोन हॉर्मोन रिसेप्टर आणि HER2 तिन्ही नसतात) कधी कधी गोल, गुळगुळीत आणि मागे उजेडवाला असतो. रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावताना हात हलका, नाहीतर रक्तवाहिन्या दबतात. काख विसरू नका; तिथल्या लिम्फ नोडचा कॉर्टेक्स, म्हणजे बाहेरचा थर, ३ मिमीहून जाड असेल तर लिहा.

बायरॅड्स ही रिपोर्टमध्ये संशयाची पातळी सांगणारी श्रेणी. बायरॅड्स ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. कागदावर ठीक आहे. लांब गडचिरोलीतल्या एटापल्लीहून एसटीने आलेल्या बाईचा मुलगा "पुढच्या वेळी आणतो जी" म्हणतो, तेव्हा मी कॅटेगरी बदलत नाही, पण सर्जनला फोन लावून १४ गेजच्या जाड सुईने बायोप्सी आजच उरकायची का, हे विचारते. रिपोर्टमध्ये घड्याळाची दिशा आणि निप्पलपासूनचं अंतर लिहा. नाहीतर पुढच्या डॉक्टरला कोणती गाठ हेच कळत नाही.