पात्र मनाने आजारी आहे? मग लिहिताना या चुका टाळा

गोव्यात नाटक लिहिणाऱ्यांना तोटा नाही. जत्रा आली की देवळासमोर मंच उभा राहतो, गावातलीच पोरं तोंडाला रंग लावतात, आणि त्यातल्या कितीतरी नाटकांत एक वेडा असतोच. केस पिंजारलेले, शर्टाची बटणं वरखाली, दोन अंक लोकांना हसवतो आणि तिसऱ्यात खून तरी करतो नाहीतर सगळ्यांची लपवाछपवी तरी उघडी पाडतो. ह्या बाबाला स्वतःला काय हवंय हे लेखकाने कधी विचारलेलंच नसतं. हल्ली कथांमध्ये तोच गडी बायपोलार (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी) नाहीतर स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा आजार) असं नाव लावून येतो, आतून फरक शून्य.

तेव्हा पहिली दुरुस्ती हीच: आजाराशी काही संबंध नसलेली एक हाव त्याला द्या. समजा फोंड्याकडच्या गावातला चाळिशीचा माणूस आहे, स्किझोफ्रेनिया आहे, आणि चवथीला घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती रानफळांची चौकट, बांधणं हे त्याचं काम, यंदा स्पर्धेत नंबर काढायचाच असं डोक्यात घेतलंय. रानातली फळं आणायची तर पहाटे निघायला हवं, पण रात्रीच्या ओलान्झापिनच्या गोळीने सकाळी डोळेच उघडत नाहीत, आणि चुलतभाऊ त्याआधी जाऊन सगळी चांगली फळं उचलून आणतो. झाली की गोष्ट सुरू! एक रात्र गोळी चुकवू का, ह्या एका प्रश्नावर वाचक बसून राहील, आणि औषध, आजार, घर सगळं आपसूक येईल, कोणाला भाषण द्यायला लागणार नाही.

आता रागाचं. हे नीट लिहिलेलं फार कमी दिसतं म्हणून जरा थांबतो. भावाने जमिनीच्या वाटणीत फसवलं, हा चिडला, की घरातून लगेच “गोळी घेतलीस ना रे?” म्हणजे विषय संपला, भाऊ सुटला. ज्याच्या नावावर एकदा आजार लागला त्याचा प्रत्येक राग, प्रत्येक रडणं, अगदी जास्त हसणंसुद्धा लक्षण म्हणून मोजलं जातं, आणि मग तो राग गिळायला शिकतो नाहीतर दुप्पट ओरडतो, आणि ओरडला की सगळ्यांचं म्हणणं खरं ठरतं. हा सापळा दाखवा, आणि त्याला एखादं भांडण जिंकू द्या. कधी चुकूही द्या, पण आजारामुळे नको, कंजूष आहे म्हणून, हट्टी आहे म्हणून. आईलाही देवी करू नका, ती थकलेली असते आणि थकलेला माणूस टाकून बोलतो.

बाकी तांत्रिक घोळ पटापट. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका शरीरात दोन माणसं नव्हे, त्यात आवाज ऐकू येणं जास्त, समोर भुतं नाचणं कमी. बायपोलारमध्ये मूड सकाळ-संध्याकाळ पलटत नाही, मॅनियाचा, म्हणजे अति उत्साहाचा, झटका आठवडाभर किंवा जास्तच चालतो, आणि त्यावरचं लिथियम हे औषध चालू असेल तर तहान, हाताची थरथर, रक्ताची तपासणी हे रोजच्या जगण्यात आलंच. डिप्रेशनची गोळी आज घेतली आणि उद्या खिडकी उघडून पक्षी ऐकले असं होत नाही, काही आठवडे जातात. विजेच्या शॉकच्या उपचाराचा सीन लिहिताय? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तो देता येत नाही, साखळदंडही बंद, त्यामुळे आजच्या बांबोळीच्या मनोरुग्णालयात शुद्धीवर असलेला रुग्ण किंचाळतोय असं दाखवाल तर कायदा मोडणारं हॉस्पिटल दाखवताय हे लक्षात असू दे.

डॉक्टर टाळी वाजवून संमोहन करतो आणि लहानपणचं सगळं बाहेर येतं, हे आपल्याकडे फारच लाडकं, पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनासाठी गाजलेल्या आबे फारियाचा पुतळा बघत मोठे झालो त्याचाही परिणाम असेल. हात पसरून तो उभा आणि बाई खाली कोसळलेली, सगळी ताकद त्याच्याच हातात वाटते. गंमत म्हणजे १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पॅरिसात नेमकं उलट सांगत होता, की जे घडतं ते समोरच्याच्या मनातून घडतं. तर डॉक्टरला जादूगार करू नका. डॉक्टरच पाहिजे असंही काही नाही, संगाथ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था १९९६पासून गोव्यात काम करतेय, त्यांनी गावातल्या साध्या माणसांना समुपदेशन शिकवून आरोग्य केंद्रांत बसवलं. अशी शेजारच्या गावची समुपदेशक तुमच्या कथेत आली तर संवाद किती वेगळे होतील बघा.

आणि लग्न करून, प्रेम करून बरं करणं? नको. प्रेमकथा जरूर लिहा, गोळ्या तेवढ्या चालूच राहू देत.

लिहून झालं की ज्याला हा आजार आहे अशा ओळखीच्या कुणाला, तो तयार असेल तर, वाचायला द्या. पण “बरोबर आहे ना?” असं विचारू नका, लोक संकोचाने हो म्हणतात. हा माणूस कुठे कंटाळवाणा झाला ते विचारा.