मदत मंडळाची नोंदणी: ठाणे-नवी मुंबईत नेमकं काय करायचं

गावकऱ्यांचं मंडळ असो की सोसायटीतल्या बायकांनी आजारपणासाठी साठवलेला निधी, नोंदणी अडते ती बहुधा उद्देशांवर. ‘सभासदांना अडीअडचणीत मदत करणे’ एवढंच लिहिलंत तर ते धर्मादाय काम ठरत नाही. आपलाच पैसा आपल्यातच फिरतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 9 ला गरिबी वा संकटाचं निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत किंवा लोकोपयोगी काम लागतं. म्हणून लिहा: ‘ठाणे जिल्ह्यातील गरजू रुग्णांना, ते सभासद असोत वा नसोत, औषधोपचारासाठी साहाय्य करणे.’

भिशी उद्देशांत नको, तिला 1982 चा चिट फंड कायदा लागतो. व्याजाने पैसे द्यायचे असतील तर पतसंस्था काढा. ‘वर्गणीदार वारल्यास वारसांना ठरावीक रक्कम’ हे वाक्य भावनेने घातलं जातं, पण तो विम्याचा धंदा दिसतो. समिती गरज पाहून मदत देईल, वर्गणी भरली म्हणून हक्क मिळत नाही, असं नियमावलीत स्पष्ट असू द्या. मदत एकाच जातीपुरती ठेवलीत तर पुढे आयकर सवलतीत अडचण येते.

संस्था नोंदणी अधिनियम, 1860 प्रमाणे किमान 7 माणसं हवीत. आम्ही 9 किंवा 11 सांगतो. सातातला एक मागे हटला की सगळे कागद पुन्हा करावे लागतात. आधी सभा घ्या. नाव, नियमावली, पहिली समिती आणि अर्ज कोणी करायचा, याचे ठराव इतिवृत्तात लिहून सह्या घ्या. सोबत विधानपत्र (संस्थेचं नाव, उद्देश आणि समिती सांगणारा मूळ कागद), प्रत्येकाचं संमतीपत्र, ओळख व पत्त्याचे पुरावे, प्रतिज्ञापत्र आणि कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं ना-हरकत पत्र व वीजबिल. नाव, आडनाव, पत्ता सगळीकडे अक्षरशः एकच हवं. नियमावलीत गणपूर्ती (सभेला किमान किती जण हजर हवेत), समितीची मुदत आणि विसर्जनाचं कलम विसरू नका. शिल्लक सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते.

अर्ज धर्मादाय कार्यालयात, पण कोणत्या? वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडात. पत्त्यात नुसतं ‘नवी मुंबई’ लिहून चालत नाही, जिल्हाही लिहा.

संस्थेचं प्रमाणपत्र हाती आलं की पेढे वाटून लोक थांबतात. इथेच फसतं. महाराष्ट्रात धर्मादाय संस्था ही सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थाही असते, म्हणून तीन महिन्यांच्या आत विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 18 खाली दुसरा अर्ज करायचा. तो मंजूर झाला की ‘एफ’ ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. मग पॅन, बँक खातं आणि आयकर खात्याची स्वतंत्र नोंदणी.

त्यानंतर दरवर्षी हिशेबतपासणी. समिती बदलली, कोणी राजीनामा दिला, कार्यालय हललं, तर त्याच अधिनियमाच्या कलम 22 खाली 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, धर्मादाय कार्यालयात द्यायची. तो राहिला तर दप्तरात जुनीच नावं राहतात, बँक नव्या सह्या घेत नाही, आणि मागच्या निवडीचा रिपोर्ट निकाली निघेपर्यंत पुढच्या समितीचा अडकून पडतो.