प्रोजेस्टेरॉनची गोळी सोसत नसेल तर

पाळी गेल्यानंतरच्या हार्मोन उपचारात बरं वाटतं ते मुख्यतः इस्ट्रोजेनमुळे. अंगातून निघणाऱ्या वाफा थांबतात, रात्रीचा घाम कमी होतो. प्रोजेस्टेरॉनकडे वेगळं काम असतं: इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ न देणं. हे काम जाणवत नाही, गोळीचा त्रास मात्र जाणवतो. त्यामुळे अनेकजणी हीच गोळी परस्पर बंद करतात आणि इस्ट्रोजेनचं जेल चालू ठेवतात. एवढं मात्र करू नका. एकटं इस्ट्रोजेन चालू राहिलं तर अस्तर वाढत जातं आणि त्यातून गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पिशवी काढलेली असेल तर बहुतेकींना प्रोजेस्टेरॉन लागतच नाही. तरीही चिठ्ठीत लिहिलं असेल तर का, ते विचारा; एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असलेल्यांना ते कधीकधी मुद्दाम देतात.

त्रास नेमका कशाचा, हे आधी ठरवा. मायक्रोनाइज्ड, म्हणजे अगदी बारीक कण केलेलं, प्रोजेस्टेरॉन साधारण दोन पद्धतींनी देतात: रोज १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम. दुसरी पद्धत असेल तर उलगडा सोपा. कॅलेंडरवर गोळीचे दिवस खुणा करून ठेवा आणि रोज झोप, मूड, पोट, स्तन यांना शून्य ते तीन गुण द्या. त्रास गोळीच्या दिवसांत सुरू होऊन ती संपल्यावर काही दिवसांत ओसरत असेल, तर कारण प्रोजेस्टेरॉन. महिनाभर सारखाच असेल तर इस्ट्रोजेनचा डोस, थायरॉइड, हिमोग्लोबिन यांकडेही बघावं लागतं. असे दोन महिन्यांचे कागद घेऊन गेलात तर डॉक्टरांचं निम्मं काम झालेलं असतं.

सर्वांत जास्त तक्रार असते ती गुंगीची. तोंडाने घेतलेलं प्रोजेस्टेरॉन यकृतातून जाताना त्याचा काही भाग ॲलोप्रेग्नॅनोलोनमध्ये बदलतो, आणि हे द्रव्य मेंदूवर झोपेच्या औषधासारखं काम करतं. म्हणून गोळी रात्रीच घ्यायची. पण फक्त ‘रात्री’ म्हणून भागत नाही. जेवणाबरोबर, विशेषतः तेलकट-तुपकट जेवणाबरोबर, ती जास्त प्रमाणात शोषली जाते. आपल्याकडे साडेनऊला जेवून दहाला गोळी घेतली जाते आणि सकाळी डोकं जड का, हे कळत नाही. जेवण आठपर्यंत उरका, दोन तासांनी गोळी घ्या आणि लगेच अंथरुणावर पडा. गोळी घेऊन मालिका बघत बसलात तर उठताना चक्कर येते. रात्री बाथरूमला जायचं झालं तर आधी काठावर मिनिटभर बसा, दिवा लावा. त्याच रात्री सर्दीची गुंगी आणणारी गोळी, झोपेचं औषध किंवा दारू नको. सकाळी डोकं हलकं झाल्याशिवाय स्कूटर काढू नका. ज्यांची झोपच उडालेली असते त्यांना मात्र ही गुंगी पथ्यावर पडते.

कॅप्सूल तेलाने भरलेली असते, ती अर्धी करता येत नाही. ‘एसआर’ लिहिलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते; ती तोडायची किंवा कुटायची नाही. मेडिकलवाल्याने ‘तेच आहे’ म्हणून दुसरी कंपनी दिली तर ताकद, ‘एसआर’ आणि घटक तिन्ही तपासा. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. दाण्याची ॲलर्जी असेल तर हे आधीच सांगायला हवं. पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरोन हा वेगळा पदार्थ आहे, घरात उरलेली म्हणून तिची बदली करू नका. एक डोस विसरला तर पुढच्या रात्री दोन घेऊ नका. थोडं डाग लागू शकतात, एवढंच.

पोट फुगतं कारण प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते. गोळीच्या दिवसांत पापड-लोणचं आवरा, जेवणानंतर वीस मिनिटं चाला, आणि बद्धकोष्ठ असेल तर ग्लासभर पाण्यातून इसबगोल घ्या. पाणी कमी पडलं तर इसबगोलानेच पोट आणखी गच्च होतं. स्तन दुखत असतील तर नीट मापाची ब्रा, रात्रीसुद्धा मऊ ब्रा, एवढ्यानेही फरक पडतो. हे त्रास बहुधा तीन महिन्यांत निवळतात.

मनाचं तसं नाही. तिथे तीन महिने वाट पाहू नका. पाळीच्या आधी खूप चिडचिड होणाऱ्या किंवा बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या बायकांना प्रोजेस्टेरॉन जास्त झोंबू शकतं. कारण नसताना रडू येणं, संताप, सगळं निरर्थक वाटणं असं झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा. जीव द्यावासा वाटला तर थांबूच नका: घरच्यांना सांगा, १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर कुठल्याही वेळी बोलता येतं.

वेळ बदलूनही जमलं नाही तर डॉक्टरांकडे पर्याय असतात. पहिला, तीच कॅप्सूल योनिमार्गातून. यकृताचा फेरा टळतो, गुंगी बरीच कमी होते आणि औषध गर्भाशयाजवळच राहतं. हात धुऊन, आडवं पडून, बोटाने जमेल तितकी आत सरकवायची. सकाळी तेलकट स्राव येतो, त्यासाठी पातळ पॅड. मात्र ‘एसआर’ गोळी या मार्गाने नको, आणि डोस व दिवस डॉक्टरांनीच ठरवायचे. दुसरा, डायड्रोजेस्टेरोन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचंच काम करणारं वेगळं औषध. बहुधा १० मिलिग्रॅम, १४ दिवस. गुंगी कमी असते. तिसरा, लेव्होनॉरजेस्ट्रेल (प्रोजेस्टेरॉनसारखंच एक हार्मोन) सोडणारी तांबी, खरं तर तिच्यात तांबं नसतं. ५२ मिलिग्रॅमची ही तांबी गर्भाशयातच काम करते, रक्तात फार थोडं उतरतं, आणि हार्मोन उपचारासाठी पाच वर्षांनी बदलतात. मूडचा त्रास असलेल्यांना आम्ही हा पर्याय आवर्जून विचारायला सांगू, पण सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग लागतात हे धरून चाला.

क्षयाची रिफाम्पिसिन किंवा फिटची फेनिटोइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर प्रोजेस्टेरॉनचा परिणाम घटतो. हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

रक्तस्रावाचं गणित असं: १२-१४ दिवसांच्या पद्धतीत गोळ्या संपताना किंवा संपल्यावर पाळीसारखं जातं, ते अपेक्षित आहे. रोजच्या पद्धतीत पहिले सहा महिने डाग लागू शकतात. सहा महिन्यांनंतरही डाग थांबले नाहीत, थांबून पुन्हा सुरू झाले, किंवा अंगावरून खूप जाऊ लागलं, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजायला हवी. एकाच पायाला सूज आणि दुखणं, छातीत कळ, अचानक धाप, नजर अंधुक होऊन तीव्र डोकेदुखी, यांपैकी काहीही झालं तर पुढची गोळी न घेता सरळ इस्पितळ गाठा.