काचेला चिकटलेला १९६९ च्या पुराचा फोटो

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांतून फोटो गोळा करतोय सध्या, त्यात मावशींकडे १९६९ च्या गोदेच्या महापुराचा फ्रेम केलेला फोटो निघाला पण ओल लागून काचेलाच चिकटलेला. एका स्टुडिओत काच सोडवायला घेतली तर कोपऱ्याचा पापुद्रा काचेबरोबरच आला, जीवच कळवळला, तिथेच थांबवलं.

मग फक्त लाकडी चौकट काढली आणि काचेसकट स्कॅनरवर पालथा ठेवला. घरचा स्कॅनर पातळ सीआयएसवाला (सीआयएस आणि सीसीडी हे स्कॅनरच्या सेन्सरचे दोन प्रकार), त्यात सगळं धूसर, कारण त्याला काचेला टेकलेलंच नीट दिसतं. मित्राकडचा जुना जाडजूड सीसीडीवाला आणला, त्याला काचेपासून थोडं दूरचंही दिसतं, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवलं आणि पाण्याची रेघ, ओट्यावरची माणसं सगळं स्वच्छ आलं!

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना मात्र डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर फाइल लहान करताना फोटोतला बारकावा आणि चेहरे जातात. फोटोमागे बॉलपेनने कृपया लिहू नका, वळ उमटतात, मऊ पेन्सिल घ्या.

आपल्याकडे नाशकात पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं यावरून मोजतात, म्हणून मावशींना तेव्हा ते कुठवर होतं एवढंच विचारलं, तर त्या स्क्रीनवर बोट ठेवून एकेका माणसाचं नाव सांगत सुटल्या. अकरा नावं मिळाली, तीन राहिलीत.