कामाचा अभिमान आणि ख्रिस्ती नम्रता: या चुका टाळा

सर्वांत जास्त गडबड होते ती कौतुकाला उत्तर देताना. नाताळात बिबिंक, म्हणजे नारळाच्या रसाचा गोव्याकडचा थराथरांचा गोड केक, खाऊन कोणी म्हणते, 'बिबिंक काय झालंय गो, एकेक पदर सुटून येतो!' आणि करणारी लगेच म्हणते, 'छे, कसलं काय!' हे चक्क खोटे आहे. प्रत्येक थर तांबूस होईपर्यंत थांबून, वर तूप सोडून मगच पुढचा ओतला, म्हणून पदर सुटतो. घाई झाली असती तर थर कच्चे राहून एकमेकांना चिकटले असते. एवढा वेळ विस्तवापाशी काढायचा आणि वर नाकारायचे, यात नम्रता नाही. उलट समोरच्याला तेच कौतुक पुन्हा करावे लागते, आणि खरे तर तेच हवे असते. त्यापेक्षा आभार माना, एक खरी गोष्ट सांगा, मदत करणाऱ्याचे नाव घ्या आणि विषय बदला: 'देव बरें करूं. यंदा आंच बरी जमली. नारळाचा रस सगळा जाऊबाईंनी काढून दिला. तुमची मुलं कधी येतायत?'

'आम्ही निरुपयोगी दास' हे वचन अर्धवट वापरणे

बायबलातल्या लूक १७:१० मधले हे वाक्य आपल्याकडे काम टाळायलाही वापरतात. वचन नीट वाचा. नेमून दिलेले सगळे केल्यावर हे म्हणायचे आहे, करण्याआधी नाही. प्रेषित पौलाचेही तसेच. १ करिंथ १५:१० मध्ये तो आधी सरळ सांगतो की इतर सर्वांपेक्षा मी जास्त श्रम केले, आणि लगेच जोडतो की ते मी नव्हे, देवाच्या कृपेने केले. गर्विष्ठ माणूस वाक्याचा दुसरा भाग गाळतो, खोटा नम्र पहिला. दोन्ही भाग एका दमात म्हणता येत नसतील, तर जो घशात अडकतो तिथेच तुमचा दोष आहे.

'देवाचं काम आहे, चालतं'

फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, मिसाला (उपासनेला) व्हायोलिने सुरात लावलेली नसतात, आल्टो (बायकांचा खालचा सूर) आणि टेनर (पुरुषांचा वरचा सूर) पहिल्यांदा एकत्र गातात ते थेट वेदीसमोर. विचारले तर 'आम्ही काय मोठे गायक?' हा आळस आहे, त्याला साधेपणा म्हणू नका. निर्गम ३१ मध्ये बसालेल या कारागिराला देवाचा आत्मा मिळाला तो सोने, रुपे, पितळ, लाकूड घडवण्याच्या कसबासाठी. आधी प्रत्येक सूर वेगळा बसवा, मग एकत्र तालीम घ्या, आणि निदान शेवटची तालीम इगर्जीतच (चर्चमध्येच) करा, कारण तिथला घुमारा हॉलमध्ये कळत नाही.

भाव पाडणे

इगर्जीसाठी किंवा ओळखीच्यांसाठी काम करणारे सुतार, शिंपी, केक करणाऱ्या बाया संकोचाने कमी पैसे सांगतात. कामकऱ्याला मजुरी मिळावी हे लूक १०:७ मध्येच आहे. सामान, इंधन आणि तास धरून पूर्ण रक्कम लिहा, सवलत द्यायची तर खाली वेगळ्या ओळीत दाखवा. न सांगता दिलेली सूट मनात कुजते आणि वर्षभराने 'यांच्यासाठी मी एवढं केलं' होऊन बाहेर पडते.

शेजारच्या वाड्याशी तुलना

नाताळात येशूजन्माचे देखावे, म्हणजे गोठे, करतात; त्यांच्या स्पर्धेचा निकाल लागल्यावर पहिला नंबर आलेल्या गोठ्यातल्या चुका दिसू लागल्या, तर सावध व्हा. गलती ६:४ सांगते की ज्याने त्याने आपलेच काम पारखावे. म्हणून गेल्या वर्षीचे आपलेच फोटो समोर ठेवा आणि त्यांच्याशी ताडून पाहा. दिव्यांच्या वायरी लपल्या का? मेंढरे मेंढपाळाहून मोठी तर झाली नाहीत ना?

मोघम पश्चात्ताप

जेजुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या परंपरेतली विवेकतपासणी इथे उपयोगी पडते. रात्री दहा-पंधरा मिनिटे द्या: उपकारस्मरण, प्रकाशासाठी प्रार्थना, दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. उपकारस्मरणात आज काय चांगले जमले ते नाव घेऊन म्हणा. बहुतेक लोक थेट पापांवर उडी मारतात आणि मग कौतुकाची भूक दुसरीकडे भागवतात. कुमसारालाही, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली देतानाही, 'पाद्रीबाब, मला गर्व आहे' एवढेच सांगू नका. त्यावर पाद्रीबाब तरी काय सल्ला देणार? 'दुसऱ्याचा सोलो, म्हणजे त्याने एकट्याने गायचा भाग, मी कापला, कारण तो माझ्यापेक्षा बरा गातो,' असे सांगा. त्याचे नाव सांगायची गरज नाही. सोलो मात्र पुढच्या आयतवारी परत द्या.